लाल शाईतला खंड

"आज कोणाला?"

मी निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, आमच्या घरातली सकाळ या प्रश्नाने सुरू होते. नाश्ता आटोपून मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडले की पत्नी विचारते आणि मी सांगतो. कधी वीज कंपनीला. कधी मेट्रोच्या अधिकाऱ्यांना, कारण आमच्या स्थानकावरचा वर जाणारा सरकता जिना बंद आणि खाली उतरणारा चालू ठेवण्याचा निर्णय कोणत्या नियमान्वये झाला, हे मला अद्याप कोणी कळवलेले नाही. कधी फरीदाबादच्या आमच्या सोसायटीच्या सचिवांना. ते आमच्याच मजल्यावर राहतात आणि माझी पत्रे लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचतात. माझ्या प्रत्येक पत्राला तारीख, विषय आणि संदर्भ असतो. उत्तर आले नाही तर पंधराव्या दिवशी स्मरणपत्र जाते. मला राग येतो, आणि राग आला की परिच्छेदांना क्रमांक द्यावेसे वाटतात. दुसरा उपाय मला माहीत नाही.

आजवर लिहिलेल्या पत्रांपैकी सर्वांत लहान पत्राला मला नऊ दिवस लागले. हे लिहितो आहे ते त्या पत्राविषयी.

मी दिल्लीतल्या एका महाविद्यालयात तीसएक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. माझ्या संशोधनाचा विषय होता उच्च शिक्षणातले रोजगार धोरण. सोप्या भाषेत सांगायचे तर, जे शिकवतात त्यांना नोकरीवर कोणत्या अटींवर ठेवले जाते. या विषयासाठी मला दूर कुठे जावे लागले नाही. ज्या खोलीत मी चहा पीत होतो, त्याच खोलीत तो विषय माझ्याशेजारी बसून चहा पीत होता. आमच्या विभागातले निम्मे शिक्षक हंगामी होते. नेमणूक चार महिन्यांची. चार महिने संपले की एक दिवस मोकळा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश, नवे रुजू झाल्याचे पत्र, जणू हा माणूस या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल ठेवतो आहे. त्या मोकळ्या दिवशी सुट्टी नसे. घंटा वाजे, मुले वर्गात येत, कॅन्टीनमध्ये समोसे तळले जात. फक्त कागदावर ती व्यक्ती त्या दिवशी कोणीही नसे. कोणालाही कधीही 'मी सलग नोकरी केली' असे म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी ती तजवीज होती. काम सलग आहे, नोकरी तेवढी तुकड्यांत आहे, हे माझे प्रतिपादन. ते मी लेखांमागून लेखांत मांडले. ते पुष्कळांच्या तळटीपांत गेले आणि तिथेच राहिले.

याच हंगामी शिक्षकांत एक बाई होत्या. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या आमच्या विभागात आल्या आणि चौदा वर्षे हंगामीच राहिल्या. त्या दिल्लीतच जन्मलेल्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या. मराठी नीट बोलत, पण वाक्याच्या सुरुवातीला 'अच्छा' आल्याशिवाय त्यांचे वाक्य निघत नसे. विभागात मराठी आम्ही दोघेच. आम्ही बोलू लागलो की बाकीच्यांना वाटे, आपल्याविषयीच चालले आहे. बहुतेक वेळा ते खरे असे.

विभागप्रमुखपद आळीपाळीने फिरते. वेळापत्रक मात्र कोणालाच नको असते. त्यामुळे ते, आणि चाचणी परीक्षांचे काम, शेवटपर्यंत माझ्याकडे राहिले. त्या अधिकारात मी एक नियम केला होता. आमच्या विभागातल्या हंगामी शिक्षकाने मोकळ्या दिवशी महाविद्यालयात पाऊल टाकायचे नाही. इतर विभागांतले हंगामी शिक्षक त्या दिवशीही येत, सही न करता तास घेत आणि प्रमुखांना दिसेल असे वावरत. मला ते पाहवत नसे. पहिल्याच वर्षी या बाई अशा एका दिवशी आल्या, तेव्हा मी त्यांना फाटकापाशी गाठले.

"सर, मुलं बसलीयेत वर्गात."

"बसू देत. आज तुम्ही इथे नोकरीला नाही."

"अच्छा, पण एका तासाचं तर आहे. मी सही नाही करणार, बिल्कुल."

"सही न करता काम करून घेणं हाच गुन्हा आहे. तो कॉलेज करतं आणि तुम्ही करू देता."

"म्हणजे गुन्ह्यात मीपण आहे?"

"सहआरोपी."

त्या हसल्या आणि परत गेल्या. नंतर पुन्हा कधी आल्या नाहीत. मला त्याचा अभिमान होता, हे नमूद करतो.

या सगळ्याची नोंद मी माझ्या खासगी रजिस्टरात ठेवी. कोणत्या तारखेला कोणी कोणता तास घेतला, ते निळ्या शाईत. आणि मोकळ्या दिवशी त्या शिक्षकाच्या नावापुढे लाल शाईत एक शब्द: खंड. नोंदी मराठीत ठेवायच्या, म्हणजे कार्यालयातल्या कोणी रजिस्टर उघडलेच तर काही कळायचे नाही, असा माझा हिशेब होता. मराठी आणि हिंदीची लिपी एकच आहे, ही गोष्ट कायद्याची पुस्तके उशाशी घेऊन झोपणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या लक्षात आली नाही.

या रजिस्टरांवरून मी एक तक्ता तयार केला आणि तो माझ्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखात छापला. शिक्षकांची नावे अर्थातच दिली नव्हती. 'शिक्षिका क' म्हणजे या बाई, हे त्यांना माहीत होते.

"सर, मी 'क' का? 'अ' कोण आहे?"

"क्रम रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे आहे."

"अच्छा. चला, कुठेतरी तरी माझी सीनियॉरिटी लागली."

तक्त्यात एक रकाना होता: खंडाच्या दिवशी काम केले काय. इतर काही नावांपुढे 'होय' होते. 'क' पुढे 'नाही'. तो 'नाही' लिहिताना मला जे समाधान वाटले, तसे नंतर क्वचितच वाटले.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच महिन्यात कायम पदांच्या मुलाखती झाल्या. चौदा वर्षांची परीक्षा चहा निवायच्या आत संपली. पुष्कळ जण त्या दाराने बाहेर आले ते कायमचे. या बाई निवडल्या गेल्या. पेढे घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझ्या पाया पडल्या. मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी मी अडवले नाही.

नंतर पदोन्नतीचा प्रश्न आला. नियम असा, की आधीची हंगामी सेवा धरता येते, मात्र ती 'खंडाशिवाय' असली पाहिजे. धरली नाही, तर पंचेचाळिसाव्या वर्षी त्या विभागातल्या सर्वांत कनिष्ठ. ज्या पायरीवर चढल्या, त्याच पायरीवरून निवृत्त व्हायचे. त्यांचे तीन माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या महाविद्यालयांतून कायम होऊन विभागात आले होते. ते तिघेही त्यांच्या वर.

"वाईट नाहीत हो पोरं," त्यांनी फोनवर सांगितले. "फार आदराने बोलतात. 'मॅम, सकाळचा पहिला तास आपण घ्याल ना?' ज्याला मी सरासरी काढायला शिकवलं, तो विचारतो आणि मी घेते."

त्यांनी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. उत्तरासोबत एक सहपत्र होते: माझा लेख. 'शिक्षिका क' ची ओळ पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेली, आणि शेजारी टीप: संबंधित शिक्षिकेने खंड मान्य करून त्या दिवशी काम केले नसल्याचे तत्कालीन वेळापत्रक-प्रभारी यांच्या प्रकाशित संशोधनावरूनच स्पष्ट होते.

ज्या व्यवस्थेविरुद्ध मी तो लेख लिहिला, तिने तो शांतपणे उचलून आपल्या फाइलीला लावला होता. मी चार पत्रे लिहिली. चौथ्यात एकवीस परिच्छेद होते. स्वतःच पाडलेल्या खंडाचा लाभ आपणच कसा घेता, संशोधनाचा निष्कर्ष वगळून तक्ता कसा उद्धृत करता, असे सगळे त्यांत होते. वर्ष-दीड वर्ष गेले. शेवटी तक्रार निवारण समितीची सुनावणी लागली आणि मला साक्षीला बोलावणे आले. सोबत, उपलब्ध असल्यास, मूळ नोंदी आणाव्यात.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी बाई मेट्रोने आमच्याकडे आल्या. पत्नीने थालीपीठ लावले. मी त्यांना पूर्वीच्या निकालांच्या प्रती दाखवत होतो. त्या ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, "सर, ते रजिस्टर न्यायलाच पाहिजे, असं आहे का?"

"पत्रात विचारलंय आणि ते माझ्याकडे आहे. नाही म्हणता येणार नाही."

"नाही म्हणा, असं मी म्हणतच नाहीये."

"मग?"

"त्यात अजून काय काय आहे, बघितलंत का तुम्ही? इतक्यात?"

"काय असणार? तास आणि खंड. हे पाहा, या निकालात न्यायालय म्हणतं—"

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि थालीपिठाकडे वळल्या. "काकू, लोणी घरचं आहे?"

त्या गेल्यावर पत्नी म्हणाली, "ती काहीतरी सांगायला आली होती. तुम्ही कलमं ऐकवत बसलात."

समितीची बैठक महाविद्यालयातच, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत झाली. अध्यक्ष इतिहासाचे वयस्कर प्राध्यापक होते, बनारसकडचे, वागायला सौम्य. त्यांच्या बाजूला महाविद्यालयाचे प्रशासकीय अधिकारी. समोर बाई, आणि टेबलाच्या टोकाला मी. अध्यक्ष माझे रजिस्टर चाळत होते. चाळता चाळता थांबले, चष्मा वर केला.

"ये लाल स्याही में क्या लिखा है? खंड?" ते अधिकाऱ्याकडे वळले. "आप तो कह रहे थे, इस दिन ब्रेक था। यहाँ तो लिखा है खंड। मतलब सेक्शन। यानी उस दिन भी इनको खंड दिया गया था।"

"सर, ऑर्डर में तो ब्रेक ही है।"

"ऑर्डर में होगा। ये देखिए, अगली बार भी। और ये भी। हर ब्रेक में खंड लिया है इन्होंने, और प्रोफेसर साहब ने लाल स्याही से अलग दिखाया है।"

त्या खोलीत मराठी जाणणारी माणसे दोनच होती. मी बाईंकडे पाहिले. त्या आपल्या फाइलीची नाडी बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनाही कळले होते. मराठीत खंड म्हणजे तुटणे. अध्यक्षांच्या हिंदीत खंड म्हणजे तुकडी, वर्गाचा भाग. मी आयुष्यभर जमवलेला तुटल्याचा पुरावा तिथे काम केल्याचा पुरावा म्हणून वाचला जात होता. मी काही बोललो नसतो, तर रजिस्टरातली सगळी वर्षे सांधली गेली असती. साक्षीदाराला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते, हे मला पक्के माहीत आहे. मी गप्प बसलो. खिडकीतला एसी घरघरत होता.

मग अध्यक्षांनी विचारले, "यही मतलब है न, प्रोफेसर साहब?"

आता प्रश्न विचारला गेला होता.

"जी नहीं," मी म्हणालो. "यह मराठी है। मराठी में खंड का मतलब ब्रेक होता है।"

अधिकाऱ्याचे पेन कागदावर चालू लागले. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मला वाटले, त्यांनाही वाईट वाटले असावे.

तेवढ्यात बाई बोलल्या, मराठीत. त्या वाक्याच्या आधी 'अच्छा' नव्हते.

"सर, मग 'ग' चंपण सांगा."

"कुठला ग?"

"लाल खंडाच्या खाली. पेन्सिलीने. दरवेळी आहे."

"क्या कह रही हैं?" अध्यक्षांनी विचारले.

मी रजिस्टर ओढून घेतले. लाल 'खंड' च्या खाली, माझ्याच बारीक अक्षरात, पेन्सिलीने 'ग' लिहिलेला होता आणि त्यावर बरोबरची खूण. पान उलटले. पुढच्या खंडाखालीही तेच. त्याच्या पुढच्याही. मी हे साफ विसरलो होतो. किंवा विसरलो, असे म्हणणे मला सोयीचे आहे.

ग म्हणजे गठ्ठा. चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा. खंडाच्या आदल्या दिवशी, घरी निघताना, तो मी त्यांच्या हातात देत असे. "उद्या घरीच आहात, तेवढे तपासून टाका." खंडाच्या दुसऱ्या दिवशी तो परत आला की मी बरोबरची खूण करी. उत्तरपत्रिका हरवणे ही मोठी आपत्ती असते. म्हणून गठ्ठ्यांच्या नोंदीत मी कधी हयगय केली नाही. फाटकाशी उभे राहून मी त्यांना कामापासून अडवले आणि तेच काम पिशवीत घालून त्यांच्या घरी पाठवले. चौदा वर्षे. माझ्या तक्त्यात 'ग' ला रकाना नव्हता, कारण त्याला मी काम समजलोच नव्हतो.

हे सगळे मी त्या खोलीत हिंदीतून सांगितले. माझी हिंदी चांगली आहे, पण त्या दिवशी लिंगे चुकत होती.

"तो ब्रेक के दिन काम आपने दिया?"

"जी।"

"लिखकर देंगे?"

"दूँगा।"

जिना उतरताना बाई माझ्या एक पायरी मागे होत्या. माझे गुडघे दुखतात, हे त्यांना माहीत आहे.

"रागावलात, सर?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"रविवारी आले होते ना."

"त्याआधी. त्या वेळी."

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर द्यायचात." आम्ही खाली पोहोचलो. मग म्हणाल्या, "दुसऱ्या विभागातले लोक त्या दिवशी वर्गात जायचे. त्यांना आज मुलं साक्षीला आहेत, चिक्कार. माझ्या गठ्ठ्याला कोण होतं? सासूबाई. त्या म्हणायच्या, आज सुट्टी आहे तर ही टेबलावर काय करतेय."

मी 'आज कोणाला?' ला नऊ दिवस एकच उत्तर दिले: अजून तेच. पहिल्या मसुद्यात विद्यार्थिसंख्या, रिक्त पदे, धोरणातली विसंगती असे अकरा परिच्छेद होते. पत्नीने ते वाचले, चष्मा पुसला आणि विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?" दुसऱ्या मसुद्यात 'तत्कालीन प्रथेनुसार गठ्ठे दिले जात' असे वाक्य होते. तिने 'दिले जात' खाली नखाने रेघ ओढली. "कोण देत?" ती आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवत होती, कर्मणी प्रयोग तिला लांबून ओळखू येतो.

शेवटी जे पाठवले, ते असे:

'सोबतच्या रजिस्टरातील प्रत्येक खंडाच्या दिवशी संबंधित शिक्षिकेकडे उत्तरपत्रिका तपासण्यासाठी होत्या. त्या मी दिल्या होत्या आणि तपासून झालेल्या मी परत घेतल्या. या कामाचा उल्लेख मी माझ्या प्रकाशित लेखात केला नाही. तक्त्यातील संबंधित नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे.'

परिच्छेदांना क्रमांक दिले नाहीत.

निर्णय यायला आणखी सात महिने लागले. समितीने पत्र ग्राह्य धरले, मात्र ज्या काळाची रजिस्टरे उपलब्ध आहेत तेवढ्यापुरतेच. माझ्याकडे शेवटच्या सहा वर्षांचीच होती. त्याआधीची आठ वर्षे, तक्ता तयार झाल्यावर, फरीदाबादला घर बदलताना मी रद्दीत दिली होती. निष्कर्ष हाती आल्यावर मूळ नोंदींचे काय काम, असा विचार त्या वेळी केल्याचे मला स्पष्ट आठवते.

बाईंचा फोन आला.

"सर, सहा वर्षं धरली. आता मी तिघांपैकी दोघांचीच ज्युनियर."

"उरलेल्या आठ वर्षांसाठी अपील करता येतं. दुय्यम पुरावा चालतो. तुमच्या सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र घेऊ. मी मसुदा आजच—"

"सर."

"हं."

"त्या गेल्या, गेल्या वर्षी."

मला ते माहीत असायला हवे होते. मी भेटायलाही जायला हवे होते.

"आणि मी दमले," त्या म्हणाल्या. "खूप झालं. उद्या पहिला तास माझा नाहीये. तिसऱ्या पोराला दिलाय, जो आता माझ्या खाली आला. बिचारा 'येस मॅम' म्हणाला. मी सात वाजेपर्यंत झोपणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिले: अमुक लेखातील तक्त्यात 'शिक्षिका क' पुढील 'नाही' च्या जागी 'होय' असे वाचावे; शुद्धिपत्र प्रसिद्ध करावे. तिसऱ्या आठवड्यात चक्क उत्तर आले, एका ओळीचे. मी ते वाचून टेबलावर ठेवले.

"काय म्हणतात?" पत्नीने विचारले.

"तो खंड बंद झाला. आता त्यात बदल करता येत नाही."

"कुठला खंड?"

"नियतकालिकाचा."

ती कपबश्या उचलून आत गेली. मी नवा कागद घेतला, तारीख घातली आणि विषयाच्या जागी 'स्मरणपत्र' असे लिहिले.